उघडून पाहता येणारी गाडी : मर्सिडीज-बेंझ ३०० एसई चार वर्षे हाताळल्यानंतर

मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू १२६ मालिकेतली ३०० एसई ही सेडान गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. या काळात तिच्या स्टिअरिंगमागे मी जेवढा बसलो, त्याहून अधिक वेळ तिच्या पोटाखाली, बॉनेटमध्ये किंवा सुट्या केलेल्या दारापुढे घालवला आहे. त्यामुळे हे परीक्षण चालवणाऱ्याच्या बाजूने कमी आणि पाना हातात धरणाऱ्याच्या बाजूने जास्त आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हौसेने स्वतः दुरुस्ती करू इच्छिणाऱ्याला जुन्या आलिशान गाड्यांमध्ये इतकी समजूतदार गाडी क्वचितच सापडेल. मात्र ती विकत घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी पत्रा तपासला पाहिजे, आणि तिच्यावर आजवर कोणाकोणाचे हात फिरले आहेत याचा माग काढला पाहिजे. थकलेले यंत्र पूर्ववत करता येते, पण आतून कुजलेला पत्रा आणि कापून जोडलेल्या वायरी चांगल्या चांगल्या हौशी माणसाची उमेद संपवतात.

ही मालिका सप्टेंबर १९७९ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटर प्रदर्शनात प्रथम मांडली गेली आणि १९९१ पर्यंत जर्मनीत तयार होत राहिली. एवढ्या वर्षांत सुमारे ८,१८,००० सेडान बाहेर पडल्या. आजही सुटे भाग मिळतात, याचे पहिले कारण हा आकडाच आहे. ब्रुनो सॅको यांच्या देखरेखीखाली घडलेल्या या आकाराचा हवारोध गुणांक ०.३६ होता, जो त्या काळच्या एवढ्या थोरल्या गाडीसाठी खरोखर कमी होता. बाजूंवरून उतरत येणारी रेषा आणि चिखलाने माखले तरी दिवा दिसत राहावा म्हणून खोलगट पन्हळी दिलेले मागचे दिवे पाहिले की प्रत्येक गोष्टीमागे कोणीतरी विचार केला होता हे जाणवते. १९८१ पासून ड्रायव्हरसाठीची एअरबॅगही याच मालिकेतून ग्राहकांना मिळू लागली. ज्यांच्या गाडीत ती असेल त्यांनी स्टिअरिंगच्या त्या भागाला स्वतः हात लावू नये, कारण त्यातले स्फोटक द्रव्य कित्येक दशकांपूर्वीचे आहे आणि ते काम प्रशिक्षित माणसाचेच आहे.

१९८५ मध्ये मालिकेत मोठे फेरबदल झाले आणि तेव्हाच ३०० एसई आली. तिच्यात एम १०३ हे एका ओळीतल्या सहा सिलिंडरांचे, २९६२ घनसेंटीमीटरचे इंजिन आहे. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसताना ते १८८ आणि असताना १८० अश्वशक्ती देते. याच मालिकेत आठ सिलिंडरांच्या गाड्याही आहेत, थेट ५५४७ घनसेंटीमीटरच्या ५६० एसईएलपर्यंत, आणि त्यांचा रुबाब मोठा आहे याबद्दल वाद नाही. तरीही पहिल्यांदा या छंदात पडणाऱ्याने सहा सिलिंडरांचीच गाडी घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. आठ सिलिंडरांच्या इंजिनात, व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडायला लावणाऱ्या टायमिंग चेनला दिशा देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या वयाने ठिसूळ होतात. त्यांतली एक तुटून चेनखाली आली की चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचे एका क्षणात वाटोळे होते. तिथे चेन आणि पट्ट्या बदलल्याचा कागदोपत्री पुरावा नसेल, तर ते काम आधी आणि गाडी चालवणे नंतर, असाच क्रम ठेवावा लागतो. एम १०३ मध्ये बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात जातो, आणि ते शिकायला अतिशय योग्य इंजिन आहे.

आता पत्र्याविषयी, कारण खरी परीक्षा तिथेच असते. या गाडीच्या दोन्ही बाजूंना, बंपरच्या उंचीइतके, प्लास्टिकचे आवरण आहे. १९८५ पूर्वीच्या गाड्यांत ते पन्हळी आहे आणि नंतरच्या गाड्यांत गुळगुळीत. हे आवरण दगडधोंड्यांपासून पत्र्याचे रक्षण करते, पण त्याच्यामागे साचलेली माती वर्षानुवर्षे ओल धरून ठेवते. मी पाहिलेली पहिली गाडी चकचकीत रंगाची होती आणि आतले लाकूड आरशासारखे होते. मालकाची परवानगी घेऊन पुढच्या चाकामागचे आवरण दोन क्लिपांपुरते सैल केले, आत टॉर्च मारला आणि बोटाने दाबून पाहिले, तर पत्र्याऐवजी पापुद्रे हाताला लागले. रंगाखाली पुट्टी होती, पुट्टीखाली जाळी होती आणि जाळीखाली काहीच नव्हते. त्या गाडीला मी नमस्कार केला. जी गाडी शेवटी घेतली तिचा रंग उन्हाने फिकटलेला होता आणि पुढच्या सीटची शिवण उसवलेली होती, पण चारही जॅक लावण्याच्या जागा घट्ट होत्या आणि डिकीतले गालिचे उचलल्यावर कोपऱ्यांत कारखान्यातला मूळ रंग दिसत होता.

डिकी कोरडी असणे ही साधी गोष्ट नव्हे. मागच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांत, रबराच्या आत, पत्रा गंजतो आणि तिथून पाणी थेंबाथेंबाने डिकीत उतरते. बाहेरून रबराच्या कडेला रंगाचे बारीक फुगवटे दिसले तर आत त्याच्या दहापट नुकसान झालेले असते. सनरूफ असेल तर तिच्या चार कोपऱ्यांतल्या पाण्याच्या नळ्या तुंबलेल्या नाहीत ना, हे पेलाभर पाणी ओतून पाहावे आणि ते गाडीखाली पडते की आत राहते याकडे लक्ष द्यावे. बॅटरीखालची जागा आणि हेडलाइटभोवतीचे मडगार्ड ही उरलेली नेहमीची ठिकाणे आहेत. गाडीबरोबर मूळ डेटा कार्ड मिळाले तर ते जपून ठेवावे. त्यावर इंजिन क्रमांक, रंगाचा क्रमांक आणि कारखान्यातून बसवलेल्या सोयींचे सांकेतिक आकडे असतात आणि समोरची गाडी खरोखर तीच आहे का हे त्यावरून पडताळता येते. किलोमीटरच्या आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नये. आकडे फिरवणारे छोटे दातेरी चाक अनेक गाड्यांत केव्हाच निकामी झालेले असते, आणि ते किती वर्षे बंद होते हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते.

माझ्या गाडीतला सर्वांत मोठा त्रास आधीच्या मालकाने ज्या गॅरेजमध्ये ती नेली होती तिथून आलेला होता. गाडी गरम असताना सुरू होत नाही, या तक्रारीवर त्या गॅरेजने टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, बाजूला ठेवून पंपाला थेट वायर जोडली होती. ही केवळ ओबडधोबड दुरुस्ती नव्हती, ती धोकादायक होती. मूळ व्यवस्थेत इंजिनाचे फिरणे थांबले की रिलेला मिळणारा संकेत थांबतो आणि पंप आपोआप बंद पडतो, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडले तर फुटलेल्या नळीतून पेट्रोल उपसले जात नाही. चावी चालू आहे तोवर पंप चालू, अशी जोडणी करून ते संरक्षणच काढून टाकले होते, आणि मूळ दोष जिथल्या तिथे होता. कोणतीही जुनी गाडी घेताना फ्यूजबॉक्सचे झाकण उघडून निळी-पिवळी परकी वायर दिसते का, हे मी आता सगळ्यांत आधी पाहतो.

हा दोष शोधण्याची हकिगत थोडी सविस्तर सांगतो, कारण ही गाडी आपल्या मालकाशी कशी वागते हे त्यातून कळते. सकाळी थंड असताना इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू व्हायचे. वीस किलोमीटर चालवून बंद केले आणि अर्ध्या तासाने पुन्हा चावी फिरवली, की सेल्फ फिरत राहायचा आणि इंजिन दाद देत नसे. दोन तास गेले की पुन्हा एका दमात सुरू. या गाडीत बॉशची केई-जेट्रॉनिक ही इंधन यंत्रणा आहे. तिच्यात इंधन सतत पाच बारहून अधिक दाबाने फिरत असते, आणि इंजिन बंद केल्यावरही नळ्यांत काही दाब टिकून राहावा लागतो. तो टिकला नाही तर तापलेल्या इंजिनाच्या उष्णतेने नळ्यांतल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजेक्टरपर्यंत द्रव पोहोचतच नाही. दाब धरून ठेवण्याचे काम पंपाचा एकेरी व्हॉल्व्ह, दाब नियंत्रक आणि ॲक्युम्युलेटर नावाचा पडदा असलेला डबा असे तिघे मिळून करतात. अंदाजाने तिन्ही बदलणे सोपे असते, पण ते भाग स्वस्त नसतात आणि त्यातून काही शिकायलाही मिळत नाही.

इंजेक्टरांना पेट्रोल वाटून देणाऱ्या इंधन वितरकावर दाबमापक जोडला, गाडी गरम केली, बंद केली आणि काट्याकडे पाहत बसलो. पाच मिनिटांत काटा शून्यावर आला. पुन्हा तेच केले, या वेळी इंजिन बंद करताच टाकीकडे परत जाणारी रबरी नळी नळी-चिमट्याने दाबून धरली. काटा तसाच घसरला, म्हणजे दाब नियंत्रक निर्दोष होता. तिसऱ्या खेपेस गाडी स्टँडवर घेऊन, मागच्या चाकापुढे पोटाखाली पंपाशेजारी बसवलेल्या ॲक्युम्युलेटरच्या मागून निघणारी बारीक नळी दाबली. काटा जागेवर थांबला. दहा मिनिटे, वीस मिनिटे, अर्धा तास झाला तरी तो हलला नाही. डब्यातला पडदा फाटला होता आणि पेट्रोल त्या नळीतून मागे निघून जात होते. नवा डबा बसवला, पंपाची जोडणी मूळ रिलेवर आणली आणि गरम इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झाले. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे सोसलेला आणि गॅरेजने वायर ओढून झाकलेला दोष एका दुपारी, एका मापकाने आणि एका चिमट्याने सापडला. या पिढीच्या यंत्रणेला नीट प्रश्न विचारला तर ती नीट उत्तर देते, आणि या गाडीवर माझा जीव जडला तो त्या दुपारपासून. पेट्रोलचे काम मोकळ्या हवेत, बॅटरीची तार काढून आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करावे, हे इथे सांगणे मी कर्तव्य समजतो.

याच यंत्रणेची दुसरी बाजू अशी की ती न मोजलेली हवा अजिबात सहन करत नाही. आत येणारी हवा एका तबकडीला उचलते आणि त्या उचलण्यावरून पेट्रोल ठरते. वाटेत कुठे रबर भेगाळले असेल तर हवा चोरवाटेने आत शिरते, मिश्रण बिघडते आणि आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन संथ फिरत असताना, गाडी थरथरते. खरेदीच्या वेळी करता येण्याजोगी एक सोपी चाचणी आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडावे. आयडलिंग स्पष्टपणे बिघडले तर यंत्रणा बंदिस्त आहे. काहीच फरक पडला नाही तर गळती आधीपासून आहे. माझ्या गाडीत इंजेक्टरभोवतीचे रबरी सील बाहेर काढताना लाखेसारखे तुटले, आणि हवामापकाखालच्या रबरी बुटाला वरून न दिसणारी भेग होती. दोन्ही बदलल्यावर सुई स्थिर झाली. मिश्रणाचा स्क्रू फिरवून दोष झाकण्याचा मोह इथे फार होतो, आणि बहुतेक गाड्यांत तो आधीच कोणीतरी फिरवून ठेवलेला असतो. गळती पूर्ण बंद होईपर्यंत त्या स्क्रूला हात लावू नये.

इंजिनाच्या इतर तक्रारी ठराविक आहेत. व्हॉल्व्हचे सील कडक झाले की बराच वेळ उभ्या गाडीला रेस केल्यावर निळा धूर येतो. ते सील हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून बदलता येतात. पुढच्या टायमिंग कव्हरच्या वरच्या सांध्यातून ऑइल पाझरते, हेड गॅस्केटही वयाने गळू लागते. रेडिएटरची वरची प्लास्टिकची मान ठिसूळ झाली असेल तर ती तुटण्याची वाट न पाहता रेडिएटर बदलावा. यांतले काहीही घाबरण्यासारखे नाही.

दुरुस्ती करणाऱ्याचा विचार करून बनवलेली गाडी म्हणजे काय, याची दोन उदाहरणे देतो. बॉनेट नेहमीच्या कोनापलीकडे, जवळजवळ सरळ उभे करून बिजागरीला अडकवता येते, त्यामुळे वाकून काम करताना डोक्यावर काही येत नाही आणि उजेड अडत नाही. दुसरे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे. बहुतेक गाड्यांत तेल बदलताना, इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल आतच राहते आणि नवे तेल जुन्यात मिसळते. इथे कन्व्हर्टरलाच तेल काढण्याचा बोल्ट आहे. इंजिन हाताने फिरवून तो खाली आणला की सगळे जुने तेल निघून जाते. गिअर धक्क्याने पडत असतील तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी त्याच्याकडे जाणारी व्हॅक्यूमची, म्हणजे इंजिनाच्या शोषाची, नळी तपासावी, कारण गिअर किती हलक्या हाताने पडावा हे ती ठरवते. माझ्या गाडीत तीन सेंटीमीटरचा रबरी जोड बदलल्यावर धक्के गेले.

आतल्या भागाबद्दल मी एकाच गोष्टीवर थांबतो. सीट पुढे-मागे, वर-खाली करण्याची बटणे दारावर आहेत आणि त्यांचा आकार सीटसारखाच आहे: बैठकीचा तुकडा उचलला की बैठक उचलते, पाठीचा तुकडा कलवला की पाठ कलते. पुस्तिका वाचावी लागत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचे हे बटण मुके झाले होते. ते उघडले तेव्हा तांब्याच्या इवल्याशा संपर्कांवर काळसर थर आणि जुने, घट्ट झालेले ग्रीस होते. मऊ ब्रश, संपर्क साफ करणारा फवारा आणि अर्धा तास एवढ्यावर ते पुन्हा बोलू लागले. काचा मध्येच तिरक्या होत असतील तर काच धरणारे प्लास्टिकचे सरकते तुकडे तुटलेले असतात, मोटर चांगली असते. वीज जिथे कुठे रुसली असेल तिथे आधी फ्यूज पाहावेत. ते चिनीमातीच्या गोळीवर धातूची पट्टी बसवलेले जुन्या धाटणीचे आहेत, आणि नुसते बोटाने गोल फिरवले तरी अनेकदा संपर्क परत येतो. आयडलिंग बिघडले आणि त्याच वेळी एबीएसचा (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला, तर जादा व्होल्टेजपासून संरक्षण करणारा रिले काढून त्याच्या डोक्यावरचा फ्यूज आणि आतले डाग तपासावेत. मोठमोठ्या निदानांपूर्वी या लहान रिलेने माझा एक आठवडा वाचवला.

स्टिअरिंगमध्ये मोकळेपणा जाणवला की लोक स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू कसतात. तो शेवटचा उपाय आहे; टाय रॉड, आयडलर आर्मचे बुश आणि स्टिअरिंग डँपर हे बॉक्स आणि चाकांमधले भाग आधी पाहावेत. ब्रेकच्या रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी आतून सुजतात आणि चाक धरून ठेवतात, म्हणून त्यांचे वय कळत नसेल तर त्या बदलूनच टाकाव्यात.

सुट्या भागांची स्थिती या वयाच्या इतर कोणत्याही आलिशान गाडीपेक्षा चांगली आहे. कंपनीने १९९३ मध्ये श्टुटगार्टजवळ फेलबाख येथे क्लासिक सेंटर सुरू केले, आणि जुन्या गाड्यांचे भाग आजही कंपनीच्या क्रमांकाने मागवता येतात. हे क्रमांक वाचायला शिकणे मोलाचे आहे. १०३ या आकड्यांनी सुरू होणारा भाग इंजिनाचा, १२६ चा भाग या मालिकेचा. आणि हेच इंजिन कंपनीच्याच डब्ल्यू १२४ मालिकेतल्या ३०० ई मध्ये आणि ३०० एसएलमध्येही असल्याने इंजिनाचे भाग तीन-चार वाटांनी सापडतात. अडचण येते ती सजावटीच्या भागांत. विशिष्ट रंगाचे दाराचे पॅनेल, न तडकलेले लाकूड, न उन्हाळलेले कापड मिळवायला महिने जातात, म्हणून अपुऱ्या यंत्राची पण पूर्ण अंतर्भागाची गाडी नेहमी अधिक फायद्याची ठरते. रबराचे भाग स्वस्त पर्यायातले घेऊ नयेत. मी एकदा घेतलेले पुढच्या सस्पेन्शनचे बुश वर्षभरात भेगाळले आणि तेच काम दुसऱ्यांदा करावे लागले.

या गाडीच्या उणिवाही आहेत. पेट्रोल ती भरपूर पिते. आपोआप तापमान राखणारी वातानुकूलन व्यवस्था व्हॅक्यूमवर चालते आणि तिचे काही पडदे बदलण्यासाठी पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, ते काम मी अजून हाती घेतलेले नाही. केई-जेट्रॉनिक जाणणारे मेकॅनिक कमी होत चालले आहेत, त्यामुळे ज्याला स्वतः शिकायचे नाही आणि दररोज वेळेवर कुठेतरी पोहोचायचे आहे, त्याने ही गाडी घेऊ नये. ज्याच्याकडे झाकलेली जागा, दुसरी चालती गाडी आणि आठवड्यातली एक मोकळी दुपार आहे, त्याच्यासाठी मात्र माझी शिफारस मनापासून आहे. मोकळ्या रस्त्यावर ती शंभरच्या वेगाने अशी सरकते की आत बसलेल्यांना आवाज न वाढवता बोलता येते. खड्डा आल्याचे कानाला कळते, पाठीला कळत नाही.

माझ्या गाडीच्या मागच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात या वर्षी पहिला फुगवटा दिसला आहे. नवे रबर आणून ठेवले आहे, आणि कडाक्याची थंडी येण्याआधी, रबर लवचीक आहे तोवर, काच उतरवून तो पत्रा मुळापासून साफ करायचा आहे.